बिलावर दुसराही आकडा छापा

बाबांची बिलांची तार अजून आमच्या घरात आहे. लाकडाचं गोल बूड, त्यात रोवलेली जाड तार आणि वर आकडा. बिल भरलं की पावती त्याला टाचायची आणि बिल तारेत खोचायचं. गेल्या दिवाळीत आवराआवर करताना मी ती खाली उतरवली. तळाशी बीएसईएसच्या काळातली बिलं होती; उपनगरांत वीज देणारी ही कंपनी पुढे रिलायन्सची झाली. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, युनिट, आकार, कर, एकूण. बाबा पेन्सिलनं शेजारी गुणाकार करून बघायचे, आणि बेरीज जुळली की बारीकशी बरोबरची खूण करायचे. प्रत्येक बिलावर ती खूण आहे. वर येता येता खुणा विरळ होत जातात आणि 2011 नंतरच्या एकाही बिलावर ती नाही. बाबा तेव्हा चांगले धडधाकट होते, हिशेबही रोज लिहीत होते. फक्त विजेच्या बिलाचा गुणाकार त्यांना जुळेनासा झाला होता.

नेमक्या त्याच सुमाराला आम्हा मुंबई उपनगरवाल्यांना एक मोठा हक्क मिळाला होता. वीज कुणाकडून घ्यायची ते आम्ही ठरवायचं. ज्या वर्षांत निवड करता येऊ लागली, त्याच वर्षांत बिल वाचता येईनासं झालं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही आणि या लेखात मला त्याबद्दलच बोलायचं आहे. पुरवठादार बदलण्याचा हक्क चांगला आहे, तो राहिला पाहिजे, वाढलाही पाहिजे. पण जोवर ग्राहकाच्या हातातल्या बिलावर दुसऱ्या कंपनीकडे याच वापराचे किती पैसे झाले असते तो आकडा छापला जात नाही, तोवर हा हक्क बहुतेक घरांसाठी कागदावरचाच राहणार.

हक्क आला कसा, ते आधी थोडक्यात सांगते. दिल्लीत 2002 मध्ये वीजवितरणाचं खाजगीकरण झालं, पण तिथे कंपन्यांना भाग वाटून दिले. ज्या भागात तुमचं घर, ती तुमची कंपनी. मुंबईत मात्र टाटा पॉवरचा परवाना फार जुना. उपनगरांत किरकोळ ग्राहकाला वीज विकायचा अधिकार टाटांना आहे की नाही यावरचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै 2008 मध्ये न्यायालयानं तो अधिकार मान्य केला. पण टाटांच्या वायरी गल्लोगल्ली नव्हत्या. म्हणून महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं ऑक्टोबर 2009 मध्ये आदेश काढला की वायर रिलायन्सचीच राहील, तिच्यातून वीज टाटांची घेता येईल. याला सगळे चेंजओव्हर म्हणतात. दुसऱ्या कंपनीनं स्वतःची वायर तुमच्या इमारतीपर्यंत आणली तर ते स्विचओव्हर. शब्द सारखे वाटतात, पण बिलात दोन्हींचा फरक मोठा पडतो. 2018 च्या ऑगस्टमध्ये रिलायन्सचा मुंबईतला वीजव्यवसाय अदानींकडे गेला. आज उपनगरांत ही दोन नावं आहेत.

आणि तरीही एका शहरात सगळ्यांना हा हक्क नाही. लोकलनं माहीमहून वांद्र्याला जाताना खाडी ओलांडली की विजेचा कायदा बदलल्यासारखा होतो. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट. बेस्ट ही स्थानिक प्राधिकरणाची संस्था असल्यानं स्वतःची वायर दुसऱ्याला वापरू देण्याचं बंधन 2003 च्या वीज कायद्यानं तिच्यावर घातलेलं नाही. त्यामुळे दादरच्या चाळीतल्या माणसाला चेंजओव्हर नाही, वांद्र्याच्या माणसाला आहे. भांडुप-मुलुंडला पोहोचलात की महावितरण, तिथेही नाही.

आता बिल. वीज आकार म्हणजे विजेची किंमत, ती टप्प्याटप्प्यानं चढते. वहन आकार म्हणजे वायरीचं भाडं. स्थिर आकार म्हणजे जोडणी ठेवल्याबद्दल दरमहा, दिवा लावा न लावा. इंधन समायोजन आकार म्हणजे कोळसा, गॅस किंवा बाहेरून घेतलेली वीज अंदाजापेक्षा महाग पडली तर तो फरक. या सगळ्यावर सरकारचं वीज शुल्क, घरगुती ग्राहकाला 16 टक्के. इथवर तरी सांगून समजतं.

खरी अडचण पुढच्या दोन ओळींची आहे. एक नियामक मत्तेचा आकार. नाव ऐकून पळ काढावासा वाटतो, पण गोष्ट वाण्याच्या उधारीसारखी आहे. कंपनीला एखाद्या वर्षी खर्च जास्त आला, आयोगानं तो मान्यही केला, पण सगळा त्याच वर्षी दरात घातला तर लोक बिथरतील म्हणून तो वहीत लिहून ठेवला आणि पुढच्या वर्षांत व्याजासकट वसूल केला. तुम्ही पुरवठादार बदललात तरी जुन्या वाण्याची उधारी तुमच्या मागे येते, कारण ती उधारी तुम्ही त्याच्याकडून वीज घेत होतात तेव्हाची आहे. दुसरी ओळ क्रॉस सबसिडी अधिभाराची. जास्त वीज वापरणाऱ्याकडून थोडं जास्त घेऊन कमी वापरणाऱ्याला दर कमी ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि मला ती योग्यच वाटते. जास्त देणारा ग्राहक उठून दुसरीकडे गेला तर मागे राहिलेल्या गरिबाचा भार कोण उचलणार, म्हणून जाणाऱ्यावर हा अधिभार. 2011 नंतर चेंजओव्हर झालेल्या ग्राहकांच्या बिलांवर या दोन्ही ओळी उमटल्या. बाबांच्या खुणा थांबल्या त्या इथे.

दोन्ही आकारांमागे कारण आहे, मी ते नाकारत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हे आकार कंपनीनुसार, टप्प्यानुसार, वर्षानुसार बदलतात. त्यामुळे "तिकडे युनिटला कमी पडतं" या वाक्याला काही अर्थच उरत नाही. कमी कशाला पडतं? नुसत्या वीज आकाराला की सगळं धरून?

हे मला आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी कळलं. एका रविवारी सकाळी एका वीज कंपनीचा मुलगा टेबल टाकून बसला होता. अर्ज, पेन, पत्रकं. पत्रकावर युनिटचे दर मोठ्या अक्षरांत, आणि खाली बारीक अक्षरांत "इतर आकार लागू". मुलगा सभ्य होता, कुणाच्या मागे लागत नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पिशवीत बिल घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तू जरा बघ गं, मला यातलं काही कळत नाही. तो म्हणतोय पुष्कळ वाचतील." आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. काकूंचा वापर महिन्याला 180 च्या आसपास. आयोगाच्या संकेतस्थळावरून दोन्ही कंपन्यांचे दर काढले. पहिले 100 युनिट एका दरानं, वरचे 80 दुसऱ्या दरानं, मग वायर जिची आहे तिचा वहन आकार, मग दोन्हीकडचा स्थिर आकार, दोन्हीकडचे अधिभार, शेवटी 16 टक्के. पत्रकातले आकडे बघून फरक तीनशेच्या घरात वाटत होता. सगळं धरल्यावर तो महिन्याला चाळीस-पंचेचाळीस रुपयांवर आला. आम्हाला दीड तास लागला. काकूंनी मध्ये दोनदा चहा केला.

चाळीस रुपयेही पैसेच आहेत. काकूंनी विचार करून बदल केला नाही, शेजारच्या बिऱ्हाडानं केला, आणि दोघांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या डोक्यातून तो दीड तास जात नाही. मी शिकलेली, संगणकावर रोज काम करणारी, आकडेमोडीची सवय असलेली. मला दीड तास लागला. काकूंना एकटीला तो हिशेब जमलाच नसता. आणि ज्या यंत्रानं काकूंचं बिल छापलं, त्याला हेच गणित करायला निमिषही लागलं नसतं.

मुद्द्याचा गाभा हाच आहे. इंग्लंडमध्ये वीज विकणाऱ्या कंपन्या आपापल्या योजना आखतात, आज एक दर, उद्या दुसरा. आपल्याकडे तसं नाही. मुंबईतल्या दोन्ही कंपन्यांचा प्रत्येक आकार, प्रत्येक टप्प्याचा दर आयोग ठरवतो, सुनावणी घेऊन ठरवतो आणि आदेशात छापतो. लपवण्यासारखं काही नाही. दोन जाहीर दरपत्रकं आणि एक मीटर रीडिंग, एवढ्यावर दुसरा आकडा निघतो. तरीही तो काढायचं काम आपण काकूंवर टाकलंय.

कुणी म्हणेल, एवढी धडपड कशाला, ज्याला गरज असेल तो चौकशी करेल. पण हा आकडा एकदा काढून भागत नाही, म्हणूनच तो दरमहा छापलेला हवा. 2009 मध्ये टाटांचे दर उपनगरात स्वस्त होते, म्हणून लोक लाखांनी तिकडे गेले. आमच्या बारा बिऱ्हाडांच्या इमारतीतून पाच गेली. मग अधिभार आले, दरांतलं अंतर कमी झालं आणि पाचांतली तीन काही वर्षांनी परत फिरली. 2024 च्या मार्चमध्ये आयोगानं टाटा पॉवरच्या दरांत सरासरी 24 टक्के वाढ मंजूर केली. पुढच्याच वर्षीच्या आदेशात ते दर पुन्हा खाली आले. आज स्वस्त असलेली कंपनी उद्या स्वस्त असेलच असं नाही आणि 50 युनिटवाल्याला जी स्वस्त, ती 400 युनिटवाल्याला महाग असू शकते. एकदा अर्ज भरून मोकळं झालेला माणूस पुढची दहा वर्षं आपण स्वस्तात आहोत या समजुतीत राहतो. माझ्या ओळखीत अशी निदान चार घरं आहेत.

आणि चौकशी करणं सगळ्यांच्या हातात असतं कुठे? भाडेकरूचं उदाहरण घ्या. मीटर घरमालकाच्या नावावर, अर्ज करायचा अधिकार घरमालकाचा, पैसे मात्र भाडेकरू भरतो. कित्येक खोल्यांत तर मालकानं आत वेगळा सबमीटर लावलेला असतो आणि युनिटला सरसकट एक दर घेतो. त्या भाडेकरूला मूळ बिल दिसतही नाही. वस्तीत राहणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बाईंना पत्रक वाचून तुलना करा म्हणणं म्हणजे त्यांच्या सुट्टीचा एक दिवस मागणं आहे. तुलना न करण्याची किंमत अशीच सगळ्यात कमी मिळवणाऱ्यांच्या पदरात पडते.

उपनगरांतल्या स्पर्धेचा आणखी एक धडा आहे, तो विसरून चालणार नाही. सुरुवातीला पुरवठादार बदलणाऱ्यांत जास्त वीज वापरणारे मोठे ग्राहक बरेच होते. मलई एकानं न्यायची आणि ताक दुसऱ्याकडे उरायचं, अशी तक्रार झाली. 2012 मध्ये आयोगाला आदेश द्यावा लागला की यापुढे जुन्याच वायरीवरून घरगुती ग्राहक घ्यायचे तर महिना 300 युनिटपर्यंत वापर असलेलेच घ्या आणि ठरवून दिलेल्या भागांत स्वतःचं जाळं टाका. त्या आदेशावरही पुढे वाद झाले. तरी त्यातला विचार मला पटतो. स्पर्धा तळातल्या ग्राहकापासून वर जायला हवी. वरून खाली ती फारशी उतरत नाही.

हे आता फक्त मुंबईपुरतं राहिलेलं नाही. भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या महावितरणच्या पट्ट्यात समांतर परवाना, म्हणजे त्याच भागात महावितरणशेजारी वीज विकायचा परवाना, मिळावा म्हणून अदानी समूहाच्या कंपनीनं 2022 मध्ये अर्ज केला. त्याविरुद्ध जानेवारी 2023 मध्ये महाराष्ट्रातले वीज कर्मचारी संपावर गेले. सरकारशी बोलणी होऊन संप पहिल्याच दिवशी मागे घेतला गेला. कर्मचाऱ्यांचं म्हणणं होतं की चांगलं बिल भरणारी शहरं खाजगी कंपन्या घेतील आणि शेतीपंप, डोंगरातली गावं, थकबाकी महावितरणच्या गळ्यात राहील. ही भीती पोकळ नाही. एकाच वायरीवर अनेक विक्रेते आणण्याची तरतूद असलेलं विधेयक केंद्र सरकारनं ऑगस्ट 2022 मध्ये लोकसभेत मांडलं, ते स्थायी समितीकडे गेलं आणि लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. 2025 मध्ये नवा मसुदा पुढे आला आहे. म्हणजे आज ना उद्या डोंबिवली, नाशिक, कोल्हापूरच्या घरांसमोरही फाटकापाशी टेबल लागणार.

डोंबिवलीचं नाव घेतलं कारण माझी मावशी तिथे राहते. तिच्याकडे महावितरण आहे, दुसरा पर्याय नाही, आणि एका उन्हाळ्यात तिनं मला फोन केला. "अगं, हिवाळ्यात शंभर युनिट जळले होते. आता दोनशे जळले. बिल दुप्पट यायला हवं ना? अडीच पटीच्या वर आलंय. मीटर पळतोय का माझा?"

मीटर पळत नव्हता. 2024-25 च्या दरपत्रकात महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या 100 युनिटांचा वीज आकार 4 रुपये 71 पैसे होता आणि 101 पासून 300 पर्यंत तो 10 रुपये 29 पैसे. म्हणजे 101 व्या युनिटाला दर एकदम दुपटीच्या वर. वहन आकार 1 रुपया 17 पैसे, स्थिर आकार सुमारे 130 रुपये, वर 16 टक्के शुल्क. इंधन समायोजन सोडून दिलं तरी 100 युनिटांचं बिल 830 रुपयांच्या आसपास आणि 200 युनिटांचं 2160 च्या आसपास. मी मावशीला हे फोनवर लिहून घ्यायला लावलं. तिनं गुणाकार केला, जुळला, आणि मग तिनं विचारलेला प्रश्न मला फार आवडला. "म्हणजे माझा शेवटचा युनिट मला कितीला पडला?"

शेवटचा युनिट तिला सगळं धरून सुमारे सव्वातेरा रुपयांना पडत होता. हा आकडा तिच्या बिलावर कुठेही नव्हता. बिलावर दोन पानं भरून मजकूर होता, ग्राहक क्रमांक होता, बिलिंग युनिट होतं, मंजूर भार होता, गेल्या वर्षाचा वापर होता. पण ज्या एका आकड्यावरून घरातल्या बाईला ठरवता येतं की कुठे हात आखडायचा, तो नव्हता. आकडा कळल्यावर तिनं काय केलं ते सांगते, कारण त्यातून त्याची ताकद दिसते. दिवाणखान्यातला पंखा जुना, 75 वॅटचा, दिवसाचे बारा तास चालणारा. महिन्याला 27 युनिट. 30 वॅटच्या आत चालणारा बीएलडीसी पंखा घेतला की दहाच्या आसपास. उरलेले सोळा-सतरा युनिट सगळे त्या वरच्या टप्प्यातले, सव्वातेरा रुपयांचे. म्हणजे महिन्याला दोनशेच्या वर बचत, एका पंख्यात. काकूंना पुरवठादार बदलून मिळाले असते त्याच्या जवळजवळ पाचपट. मावशीनं दुसऱ्या आठवड्यात पंखा बदलला. मीटर खरंच पळत नाही ना, याचीही तिनं खात्री करून घेतली. घरातलं सगळं बंद करून मीटरवरचा तांबडा दिवा लुकलुकतो का ते बघितलं. मीटरच्या तोंडावर 3200 किंवा 1600 असा आकडा छापलेला असतो, दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. सगळं बंद असताना तो थांबला, आणि तिची शंका फिटली.

तेव्हा माझी मागणी दोन ओळींची आहे. जिथे दुसरा पुरवठादार आहे तिथे बिलाच्या पहिल्या पानावर, भरायच्या रकमेच्या लगेच खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत: याच वापराचं दुसऱ्या कंपनीचं बिल, सर्व आकार व शुल्क धरून, इतके रुपये. आणि जिथे दुसरा पुरवठादार नाही तिथे: तुमचा शेवटचा युनिट तुम्हाला इतक्या रुपयांना पडला.

यावर कंपन्या काय म्हणतील याची मला कल्पना आहे. इंधन समायोजन दर महिन्याला बदलतं, त्यामुळे तुलना पक्की नसते, असं म्हणतील. पण तेही ठरवून जाहीर होतं, आणि गेल्या महिन्याच्या वापरावर गेल्या महिन्याचा आकार लावायला कुणाची ना नाही. बिल आधीच गजबजलेलं आहे, असंही म्हणतील. मग त्यातल्या जाहिराती काढा. प्रतिस्पर्ध्याचं नाव आमच्या बिलावर का छापायचं, असा आक्षेप सगळ्यात जोरात येईल. त्याचं उत्तर देणं मला सोपं वाटतं. वीज हा परवान्याचा धंदा आहे. परवाना जनतेच्या वतीनं मिळतो, आणि नफ्याचं प्रमाणही आयोग ठरवून देतो. ज्या धंद्यात नफा ठरवून मिळतो, त्या धंद्यात ग्राहकाला खरा आकडा सांगणं ही अट म्हणून घालता येते.

इंग्लंडनं याचा अर्धा प्रयोग करून पाहिला आहे. तिथे 1999 पासून प्रत्येक घराला वीज कंपनी बदलता येते. तरी बरीचशी घरं जुन्याच कंपनीकडे, महाग दरातच राहिली. मग 2014 च्या सुमारास तिथल्या नियामकानं बिलावर चौकट छापायला लावली, की तुम्हाला याहून कमी पडेल का. पण तिच्यात त्याच कंपनीची स्वस्त योजना दाखवायची होती, दुसरीची नव्हे. म्हणजे दार अर्धंच उघडलं. शेवटी 2019 पासून तिथे दरावर वरची मर्यादाच घालावी लागली. 2021 मध्ये गॅस महागल्यावर स्वस्तात वीज विकणाऱ्या तिथल्या जवळजवळ तीस कंपन्या एकामागून एक बुडाल्या आणि त्यांच्या ग्राहकांना दुसरीकडे वळवण्याचा खर्च सगळ्या घरांच्या बिलांत वाटला गेला. लंडन-लेस्टरला राहणाऱ्या मराठी घरांनीही तो भरला असणार. म्हणून आपल्याकडे आयोगाची दरावरची पकड सैल करून नुसती स्पर्धा आणायला माझा विरोध आहे. पकड राहू दे, स्पर्धाही येऊ दे, आणि दोन्हींचा हिशेब बिलावर दिसू दे.

समांतर परवान्याच्या अर्जांबाबतही माझं हेच म्हणणं आहे. परवाना देऊच नये, असं मी म्हणत नाही. महावितरणच्या ग्राहकालाही निवड मिळायला हवी, मावशीला का नको? पण परवान्याच्या अटींत तीन गोष्टी हव्यात. पहिल्या दिवसापासून 100 युनिटांच्या आतल्या ग्राहकाचा अर्ज नाकारता येऊ नये. क्रॉस सबसिडीचं ओझं वाटून घेण्याचा हिशेब आधी ठरावा, माणसं बदलून गेल्यावर नव्हे. आणि पहिल्या बिलापासून शेजारच्या कंपनीचा आकडा छापलेला असावा. तिसरी अट सगळ्यात स्वस्त आहे. तिला वायर लागत नाही, खांब लागत नाहीत, छपाईच्या आराखड्यात दोन ओळींची जागा लागते.

हे मागायला रस्ता आहे, आणि तो आपण फार कमी वापरतो. दर वाढवण्याची याचिका आली की आयोग जाहिरात देऊन हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. पुण्याची प्रयास आणि मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्था वर्षानुवर्षं तिथे आकडेवारी घेऊन उभ्या राहतात. सामान्य ग्राहक जवळजवळ नसतो. मी एकदा गेले होते. कंपनीच्या बाजूला वकील, हिशेबनीस, फायलींचे ढीग, आणि आमच्या बाजूला खुर्च्या रिकाम्या. बोलायला मिळतं, लेखी हरकत नोंदवून घेतात, तिचं उत्तर कंपनीला द्यावं लागतं आणि आदेशात ते छापलं जातं. वकील लागत नाही. मराठीत लिहिलेलं चालतं.

पुढच्या वेळी हरकती मागवल्या की मी एका पानाचं पत्र देणार आहे, काकू आणि मावशी दोघी सही करायला तयार आहेत. पत्रात वर सांगितलेल्या दोनच ओळी असतील आणि सोबत काकूंच्या एका बिलाची प्रत, तिच्या समासात आम्ही दीड तासात केलेली आकडेमोड. बाबांच्या तारेतलं सगळ्यात जुनं बिलही जोडायचं ठरलंय, पेन्सिलीची खूण दिसेल अशी प्रत काढून.